दिल्ली कॅन्ट ते रेवाडी वाफेच्या गाडीनं: पैसे वसूल झाले, पण सीटवर बसून नाही

आधीच सांगून ठेवतो, हे लांब होणार आहे. गाडी म्हटलं की मला थांबता येत नाही, घरचे तर कधीचेच वैतागले, आता तुम्ही वैतागा.

कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही नागपूरचे चार जण दिल्ली कॅन्ट ते रेवाडी ही कोळशाच्या इंजिनाची फेरी करून आलो. तेव्हापासून इतके जण विचारून राहिले की जावं का, लेकरांना न्यावं का, तिकिटाचे पैसे फिटतात का, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. एक गोष्ट पहिलेच लक्षात घ्या, ही हिवाळ्यातली हौसेची फेरी आहे, रोजची गाडी नाही, तेव्हा यंदा चालू आहे का ते पक्कं विचारा अन् मगच बाकीची तिकिटं काढा, नाहीतर इतक्या लांब जाऊन नुसते छोले भटुरे खाऊन याल.

चार जण म्हणजे मी, माझा एक दोस्त ज्याला फक्त फोटो पाहिजे, दुसरा दोस्त ज्याला फक्त आवाज पाहिजे (हो, असेही लोक असतात, माइकला केसाळ टोपी घालून फिरतात), अन् माझे मोठे मामा. मामा अजनीचे. रेल्वेत क्लीनर म्हणून लागले, मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर करत करत ड्रायव्हर झाले, अर्धी नोकरी कोळशावर, अर्धी डिझेल अन् इलेक्ट्रिकवर. मला वाटलं ऐकून खुश होतील. तर म्हणाले, "ज्याच्यापासून पिच्छा सुटला म्हणून मी टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला, त्याच्यासाठी तू मला पैसे भरून दिल्लीले नेऊन राहिला?" पण आले. माझा अंदाज आहे मामीनं पाठवलं.

आता नागपूरच्या माणसाला हे वेड कुठून लागतं तर आपल्याकडे ते हवेतच होतं. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत धावत होती, मग ब्रॉडगेज (मोठे रुंद रूळ) करायला बंद केली. तिकडे मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेला तर १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन होतं अन् ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत राबलं, म्हणजे टीव्हीवर केबल आलं होतं तरी तिकडे फायरमन कोळसा टाकून राहिला होता. कडबी चौकातलं नॅरोगेज म्युझियम २००२ च्या डिसेंबरात उघडलं, तेव्हापासून मी तिथे किती वेळा गेलो त्याचा हिशोब नाही. पण म्युझियममधलं इंजिन थंड असतं हो. हात लावला की गार लोखंड. गरम इंजिन पाहायचं होतं, अन् तेही मोठं, ब्रॉडगेजचं, मेन लाइनवर पळणारं.

जाताना जीटीनं, म्हणजे ग्रँड ट्रंक एक्सप्रेसनं गेलो. हे मुद्दाम लिहितो कारण मामांचा खरा शो जीटीतच सुरू झाला. बैतूल सोडलं, मरामझिरी ते धाराखोह हा घाट लागला अन् मामा खिडकीपाशी सरकले. सागाचं जंगल, बोगदे, वळणं, आम्हाला ते सीनरी वाटते, मामांना तो चढ आठवते. इटारसीहून नागपूरकडे येताना हा चढ लागतो, मालगाडीला मागून बँकर इंजिन लावून ढकलावं लागायचं. म्हणाले मे महिन्यात बाहेर ४६ डिग्री, समोर उघडी भट्टी, डोक्याला ओला दुपट्टा बांधायचो अन् तो दहा मिनिटात पापड व्हायचा. मग थोडं थांबून म्हणाले, "तुमी लोकं ज्याले रोमँटिक म्हणता ना, त्याच्यात आमच्या भुवया जळायच्या." आवाजवाल्या दोस्तानं तेवढ्यात रेकॉर्डर चालू केला होता, ते वाक्य आहे त्याच्याकडे.

दिल्लीतला अनुभव एका ओळीत: ज्या एजंटाकडून सकाळची टॅक्सी सांगितली होती (नाव घेत नाही, घेऊन काही होत नाही), त्याचा ड्रायव्हर पाऊण तास लेट आला अन् वरून आम्हालाच विचारते की कॅन्ट स्टेशन कुठे आहे. तेव्हा तुम्ही मेट्रोनं किंवा स्वतःच्या भरवशानं निघा, आदल्या रात्री कॅन्टच्या जवळच राहा. आम्ही पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती, मी जिन्यावरून अक्षरशः पळत उतरलो अन् खाली उतरल्यावर पायच थांबले.

समोर डब्ल्यूपी. नंबर ७१६१, नाव अकबर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डब्ल्यूपी म्हणजे ते पुढून गोल, बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचं इंजिन, नाकावर मोठी चांदणी. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, पहिली १६ इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीनं बनवून पाठवली, पुढे कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया करत करत शेवटी आपल्याच चित्तरंजनला बनायला लागली, १९६७ पर्यंत सगळी मिळून ७५५ झाली. अकबर चित्तरंजनचं, १९६५ चं. ही जात बनवतानाच आपल्या देशी कोळशाचा विचार करून बनवली होती, म्हणजे राख जास्त अन् ताकद कमी असा कोळसा, म्हणून भट्टी रुंद. देशभरातल्या मेल-एक्सप्रेस यांनीच ओढल्या. आपले आईवडील लग्नानंतर ज्या गाडीनं देवदर्शनाला गेले असतील तिच्यापुढे बहुतेक हेच नाक असणार.

थंडी अशी कडक की बोटं वाकत नव्हती, धुकं होतं, आणि हे लिहून ठेवा, थंडी हीच या सगळ्याची खरी मजा आहे. खरी वाफ दिसत नाही, ती पारदर्शक असते, चिमणीच्या अगदी तोंडापाशी बघा, थोडी जागा रिकामी दिसते. बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब होतात तेव्हा तो पांढरा ढग दिसतो. म्हणजे आपल्या नागपूरच्या मे महिन्यात हेच इंजिन उभं केलं तर निम्मा तमाशा दिसणारच नाही. फोटोवाल्या दोस्तानं हे आधीच वाचून ठेवलं होतं, म्हणून त्यानं हट्टानं जानेवारी धरला, तेव्हा आम्ही त्याला शिव्या दिल्या होत्या कारण जानेवारीत दिल्लीच्या गाड्या धुक्यानं किती रखडतात ते आपल्याला ठाऊकच आहे. आता माफी मागतो.

मामा मात्र चांदणीकडे, नावाकडे पाहतच नव्हते. ते सरळ चाकांपाशी गेले, वाकून रॉड पाहिला, तेल कुठे कुठे दिलंय ते पाहिलं, मग उभे राहून नुसते ऐकत राहिले. मी विचारलं काय ऐकता. म्हणाले, इंजेक्टर. बॉयलरमध्ये पाणी ढकलायचं ते यंत्र, त्यात फिरणारा एकही पार्ट नाही, बॉयलरचीच वाफ बॉयलरमध्येच पाणी ढकलते, अन् बरोबर लागलं की एका सुरात गाते. "गाऊन राहिलं," एवढंच बोलले. आमच्या आवाजवाल्याला ते कळलंच नव्हतं, तो शिट्टीची वाट पाहत होता, त्यानं घाईघाईत माइक तिकडे वळवला. तेवढ्यात इंजिनातून काळाकुट्ट धूर निघाला अन् प्लॅटफॉर्मवर सगळ्यांनी "वॉव" केलं, शंभर मोबाइल वर. मामांनी कपाळाला हात लावला. काळा धूर म्हणजे कोळसा पूर्ण जळून नाही राहिला, पैसा चिमणीतून बाहेर चालला. चांगल्या फायरमनचा धूर हलका करडा पाहिजे. त्यांच्या काळी असा धूर काढला असता तर इन्स्पेक्टरनं उभं आडवं घेतलं असतं. मग त्यांच्या लक्षात आलं की हे फोटोवाल्यांसाठी मुद्दाम चालू आहे अन् हसायला लागले. "म्हणजे आता चुकी केली का टाळ्या भेटतात."

गाडी सुटली. आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहून राहिलो.

गाडीत बसलेल्या माणसाला इंजिन दिसत नाही. ऐकूही येत नाही. वासही येत नाही.

वाचायला येड्यासारखं वाटते, पण तिकीट काढताना आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, मामा सोडून, अन् त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एसी चेअर कारच्या काचा बंद. आत मस्त गरम, सीट ऐसपैस, चहा नाश्ता आला, तो ठीकच होता, तक्रार नाही. पण बाहेर पन्नाशी ओलांडलेला पैलवान गाडी ओढतोय अन् आत आपण शताब्दीत बसल्यासारखे बसलोय. शेजारी एक फॅमिली होती, लेकरू पहिले दहा मिनिटं खिडकीला नाक लावून होतं, मग बापाचा मोबाइल घेऊन कार्टून पाहत बसलं. त्याचा काय दोष.

आवाजवाला दोस्त तर रडवेला झाला. शेवटी आम्ही दोघं डब्याच्या टोकाला दाराजवळ जाऊन उभे राहिलो, दार बंदच, पण फटीतून ऐकू यायला लागलं अन् तिथे मात्र अंगावर काटा आला. त्यानं मला तिथेच गणित शिकवलं. दोन सिलिंडरचं इंजिन, चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. चाकाचा व्यास पाच फूट सात इंच, म्हणजे एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटरच्या आतबाहेर अंतर. ४० च्या स्पीडला सेकंदाला दोन फेरे, म्हणजे आठ ठोके. सुटताना एकेक ठोका वेगळा मोजता येतो, मग ते जोडले जातात अन् स्पीड वाढला की नुसती घरघर उरते. आपण लहानपणी तोंडानं "झुक झुक" करायचो ते सुटतानाचं इंजिन आहे, पळतानाचं नाही, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

मागच्या टोकाला डिझेल इंजिन लावलेलं होतं. यावर शौकीन लोकांत कायम भांडण असते की ही चीटिंग आहे. मी पण आधी त्याच पार्टीत होतो. मामांनी एका मिनिटात गप्प केलं. म्हणाले आमच्या काळी मोठ्या स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या टोकाला पाण्याचा खांब असायचा, थोड्या थोड्या अंतरावर शेड, शेडमध्ये गरम इंजिन तयार, एक बसलं तर दुसरं हजर. आता या लाइनवर मधे काय आहे? पाणी नाही, कोळसा नाही, इंजिन जाणणारा माणूस नाही. मधेच अडकलं तर मागच्या सगळ्या गाड्या लटकतील. मागे डिझेल आहे म्हणून पुढचं चालवायला परवानगी भेटते असं समजा. पटलं. तरी फोटोत मात्र ते शेपूट खटकतेच, फोटोवाल्यानं प्रत्येक फोटोत ते कापलंय.

रूट सांगायचा तर कॅन्ट, पालम, गुडगाव, मग हळूहळू उंच बिल्डिंगी संपून मोहरीची पिवळी शेतं. गढी हरसरू नावाचं छोटं स्टेशन जाते, बहुतेकांचं लक्षही जात नाही, पण इथून फर्रुखनगरला फाटा फुटतो आणि देशातली पहिली मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांवरची) गाडी १८७३ च्या फेब्रुवारीत दिल्लीहून याच फर्रुखनगरला गेली होती. ही पूर्ण लाइन आधी मीटरगेजच होती. मी हे उत्साहानं डब्यात सांगितलं, समोरच्या काकांनी "अच्छा" म्हणून पेपर उलटला.

पटरीच्या कडेला लोक ठिकठिकाणी उभे होते, गच्चीवर बाया, शेतात लेकरं, पुलावर बाइकवाले, सगळे हात हलवून राहिले, सगळ्यांच्या तोंडावर ते हसू. अन् मी आतून पाहून राहिलो की यांनी एक रुपया दिला नाही अन् यांना पूर्ण इंजिन दिसलं, आवाजासकट, वासासकट. तेव्हाच मी अन् फोटोवाल्यानं ठरवलं, परतीचं तिकीट गेलं खड्ड्यात.

रेवाडीचं स्टीम शेड. इथे पैसे वसूल. एकदम फुल्ल. शेड १८९३ सालचं, मीटरगेजच्या जमान्यातलं, आता हेरिटेज म्युझियम आहे पण म्युझियमसारखं वाटत नाही, कारण इथे इंजिनं नुसती रंगवून ठेवलेली नाहीत, चालती ठेवलीत. जमिनीवर तेल सांडलेलं, कोपऱ्यात कोळशाचा ढीग, फिटरच्या हातात खरा पाना. अकबरशिवाय आझाद आहे, डब्ल्यूपी ७२००, त्या १९४७ च्या बाल्डविनवाल्या पहिल्या खेपेतलं, म्हणजे देशाचं अन् त्याचं वय सारखं. विराट आहे, ते १९४३ चं, युद्धाच्या काळात अमेरिकेतून आलेलं मालगाडीचं इंजिन. अंगद तर राक्षस आहे, एक्सई क्लास, त्याच्या चाकाशेजारी उभं राहून फोटो काढला तर आपण खेळण्यातले वाटतो. शेर-ए-पंजाब हे नाव पाहिलं की थोडं थांबा, डब्ल्यूएल १५००५, ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नेहमीची गाडी १९९५ च्या ६ डिसेंबरला जालंधर-फिरोजपूर लाइनवर यानंच ओढली होती.

आणि फेअरी क्वीन. १८५५ ला इंग्लंडातल्या लीड्सला बनलेलं, म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्याही आधीचं, मधे एकच जोडी मोठं चाक अन् पुढेमागे छोटी, १९९७ ला म्युझियममधून काढून परत पळवलं अन् पुढच्या वर्षी जगातलं सगळ्यात जुनं चालतं इंजिन म्हणून गिनेसमध्ये नाव लागलं. अंगदच्या शेजारी ते पाहिलं की आजीच्या पितळी बंबासारखं दिसते, पण आजीच्या बंबाला कोणी गिनेसमध्ये घेतलं नाही.

इथे मामांचा दिवस सुरू झाला. एका थंड इंजिनाजवळ शेडमधले दोन-तीन कर्मचारी उभे होते, मामा त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागले, आपली नागपुरी हिंदी, "कायको इतना ग्रीस लगाए भाऊ". पाच मिनिटात समजलं की हा माणूस आपल्यातला आहे. मग काय, "आओ साहब ऊपर" म्हणून फुटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे नेलं. मी खालून पाहतोय. ७४ वर्षांचा माणूस, घरी सोफ्यावरून उठताना गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणणारा, दोन दांडे धरून असा चढला की मला हात द्यायलाही वेळ मिळाला नाही. वर गेल्यावर त्यांचे हात आपोआप जागेवर गेले, रेग्युलेटर (वाफ कमी-जास्त करायचा दांडा) इथे, ब्रेक इथे, पाण्याच्या दोन काचा इथे. त्या काचांवर बोट ठेवून मला वरून ओरडून सांगितलं की ड्रायव्हर सिग्नल पाहते, फायरमन ही काच पाहते. पाणी या काचेतून दिसेनासं झालं की भट्टीचं छप्पर उघडं पडते, मग छपरातला लेड प्लग वितळते अन् वाफ भट्टीत घुसून आग विझवते, इंजिन वाचते पण तुमची नोकरी नाही वाचत. डब्ल्यूपीच्या बॉयलरचं प्रेशर २१० पौंडाचं, चौरस इंचाला. घरच्या कुकरचं साधारण १५. मामी कुकरची शिट्टी झाली की आतून ओरडतात "बंद करा हो" अन् मामा उठत नाहीत, ते काहून ते मला तिथे कळलं.

फावड्यानं रिकामा हात मारून दाखवला त्यांनी. कोळसा फेकायचा नसतो, फावडं भट्टीच्या तोंडावर उलटं करून झटका द्यायचा, मागचे कोपरे आधी भरायचे, मधे पातळ ठेवायचं, जाड थर टाकला की खाली खडे होऊन हवा अडते. शेडमधला तरुण पोरगा, पंचविशीचा असेल, मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. मला वाटलं हौस म्हणून, नंतर कळलं तो तिथे नवीन लागला होता अन् शिकून राहिला होता. फोटोवाल्या दोस्तानं इतके हजार फोटो काढले त्या दिवशी, पण या सीनचा एकही नाही. तो तेव्हा चांदणीचा क्लोजअप घेत होता. अजून बोलणं खातो.

जेवण आणि शेड मिळून दोन-अडीच तास मिळाले. मला सहा पाहिजे होते. सोबत आणलेली सांबारवडी आम्ही शेडच्या कर्मचाऱ्यांना खाऊ घातली, त्यांना आधी वाटलं इडलीवाला सांबार, मग सांगावं लागलं की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्यावर एक जण म्हणाला "नागपूर महाराष्ट्र में ही है ना?" या प्रश्नावर आमच्यात नंतर रस्ताभर वाद झाला.

परतीला मामा आणि आवाजवाला गाडीत, मी अन् फोटोवाला टॅक्सीत (ही टॅक्सी स्टेशनबाहेरून पकडली, माणूस हुशार निघाला, त्यानं आमच्यासारखे नग आधी पाहिले होते). पटौदीच्या अलीकडे शेताच्या बांधावर उभे राहिलो. पटरीपासून लांब, हे महत्त्वाचं, कारण आम्ही स्वतः पाहिलं की काही पोरं सेल्फीसाठी पटरीवरच उभी होती अन् शेजारच्या लाइनवर दुसरी गाडी येऊन राहिली होती, शिट्ट्यांवर शिट्ट्या. असं करू नका रे बापांनो.

मग वाट पाहणं. ऊन तिरपं, मोहरीचा वास, लांब कुठेतरी इंजिन पंप चालू. आधी शिट्टी आली. डिझेल-इलेक्ट्रिकचा भोंगा नाही, ही वेगळीच, एका सुरात दोन-तीन सूर मिसळलेले, आधी वर चढून मग खाली पडणारी. मग झाडांच्या मागे ढग चालताना दिसला, नुसता ढग, इंजिन नाही. मग ते ठोके, आधी छातीत अन् मग कानात. सूर्य जवळपास मागे होता म्हणून इंजिन पूर्ण काळं दिसलं अन् त्याच्यावरची वाफ पेटल्यासारखी केशरी. समोरून गेलं तेव्हा पायाखालचा बांध हलला, तोंडावर गरम हवा आली अन् कोळशाचा तो वास, गंधकाचा, जरासा सडक्या अंड्यासारखा पण हवाहवासा. मागोमाग एसीचे डबे, बंद काचा, आत लोक मोबाइल पाहून राहिले. चाळीस सेकंद असतील सगळी मिळून. फोटोवाल्याचा कॅमेरा बरोबर चालला, माझा मोबाइल उलटा धरला गेला, माझ्याकडे नऊ सेकंद माझ्या बुटांचा व्हिडिओ आहे, आवाज मात्र सुंदर.

डोळ्यात कण गेला तो वेगळा. मामांनी सकाळीच सांगितलं होतं, चोळायचं नाही, वरची पापणी धरून खालच्या पापणीवर ओढायची अन् सोडायची, कण निघते. निघाला. जुन्या लोकांना हे सगळ्यांनाच येत असणार.

पुढची जागा गाठायला गेलो तर गुडगावच्या ट्रॅफिकनं आमचा निकाल लावला. गाडी कॅन्टला पोचून मामा बाहेर चहा पीत बसले होते तेव्हा आम्ही पोचलो. म्हणजे शंभर टक्के रोडवर भरोसा ठेवू नका, एकच जागा धरा, तिथे उभे राहा, पाठलाग करू नका.

रेटिंग द्यायचं तर गाडीतला प्रवास पाचपैकी दोन, रेवाडीचं शेड पाच, बांधावरचे चाळीस सेकंद मी मोजणार नाही. लेकरं सहाच्या वरची असतील तर न्या, पण त्यांना सीटवर बसवून ठेवू नका, सुटायच्या आधी अर्धा-पाऊण तास इंजिनापाशी उभं करा, तोच त्यांच्या लक्षात राहील. पांढरे कपडे नको. साधा चष्मा घातलेला बरा. शेडसाठी वेळ वाचवायचा तर जेवण आटोपतं घ्या. आणि घरात कोणी जुने रेल्वेवाले असतील तर त्यांना ओढत न्या, ते नाही म्हणतीलच, तरी न्या, मामा नसते तर मी पण तिथे चांदणीचाच क्लोजअप घेत बसलो असतो.

येताना परत जीटी, परत तो घाट, यावेळी चढाच्या बाजूनं, मामा मात्र वरच्या बर्थवर घोरत होते. नागपूरला सकाळी उतरलो, तर्री पोहा खायला गेलो, तिथे मी विचारलं, मामा, पुढच्या हिवाळ्यात परत जायचं का, तिकिटं काढून ठेवतो. त्यांनी तर्रीचं बोट चाटलं अन् म्हणाले, "वाफेच्या गाडीचं तिकीट नको काढू. दिल्लीहून साध्या पॅसेंजरनं सकाळीच रेवाडीले जाऊ, दिवसभर शेडमध्ये बसू. त्या पोराले इंजेक्टर लावता येत नाही अजून, मी पाहिलं."